यजमानपद मिळाले, संघाला काय मिळाले?

एखाद्या मोठ्या क्रीडास्पर्धेचे यजमानपद मिळाले की त्या देशात उत्साहाचे वातावरण निर्माण होते. मैदाने नव्याने सजतात, रस्ते आणि वसतिगृहे उभी राहतात, आणि या निमित्ताने आपला मागे पडलेला संघही वर येईल, अशी आशा सर्वत्र व्यक्त होऊ लागते. ही आशा स्वाभाविक आहे. परंतु अशा स्पर्धांवर सार्वजनिक पैसा खर्च होत असल्याने ती कितपत सफल होते, हे पाहणे अगत्याचे ठरते. 2030 च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले आहे आणि 2036 च्या ऑलिंपिकसाठीही भारताने उत्सुकता दर्शविली आहे. अशा वेळी भारतीय फुटबॉलने यजमान म्हणून घेतलेला अनुभव बराच बोलका आहे.

घरच्या मैदानाचे बळ

घरच्या मैदानाचा लाभ ही केवळ कल्पना नव्हे. ओळखीची हवा, पायाखालची माती, प्रवासाचा थकवा नसणे आणि प्रेक्षकांचा पाठिंबा या गोष्टींमुळे यजमान संघाचा खेळ उंचावतो. प्रेक्षकांच्या आरड्याओरड्याचा परिणाम कळत नकळत पंचांच्या निर्णयांवरही होतो, असे क्रीडा-अभ्यासकांचे मत आहे. कोविडच्या साथीमुळे 2020 साली जर्मनीतील बुंडेसलीगाचे सामने रिकाम्या मैदानांत खेळवावे लागले, तेव्हा यजमान संघांच्या विजयांचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले होते.

मात्र या लाभाला मर्यादा आहे. दोन संघ जवळपास तुल्यबळ असतील तर घरच्या मैदानामुळे पारडे झुकू शकते. त्यांच्यात मोठी तफावत असेल तर ती एवढ्याने भरून निघत नाही. टाळ्यांनी पायांत बळ येते. परंतु वेगाने आलेला चेंडू अडविण्याची आणि पुढची चाल आधी हेरण्याची सवय टाळ्यांनी येत नाही. ती लहान वयापासून खेळलेल्या शेकडो सामन्यांतून येते.

यजमान संघाला आणखी एक सवलत असते. त्याला बहुधा पात्रता फेरीविना थेट प्रवेश मिळतो. दुबळ्या संघाच्या दृष्टीने ही मोठी संधी होय; परंतु तिला दुसरी बाजूही आहे. पात्रता फेरीतील चुरशीच्या सामन्यांतून संघाची जी कसोटी लागते, तिला असा संघ मुकतो. मग त्याच्या उणिवा प्रथम उघड होतात त्या मुख्य स्पर्धेतच, आणि तेही साऱ्या देशाच्या नजरेसमोर.

2017: मैदाने भरली

सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक स्पर्धेचे यजमानपद डिसेंबर 2013 मध्ये भारताला मिळाले. स्पर्धा 6 ते 28 ऑक्टोबर 2017 या काळात दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी, कोची, मडगाव आणि नवी मुंबई या सहा ठिकाणी झाली. आयोजनाच्या दृष्टीने ती अत्यंत यशस्वी ठरली. 13 लाख 47 हजारांहून अधिक प्रेक्षकांनी सामने पाहिले आणि 1985 साली चीनमध्ये झालेल्या पहिल्या स्पर्धेतील उपस्थितीचा उच्चांक मोडला गेला.

यजमान संघाची कामगिरी मात्र वेगळे सांगते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू क्रीडांगणावर भारत अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2 आणि घानाकडून 0-4 असा पराभूत झाला. तीन सामन्यांत एक गोल केला, नऊ गोल स्वीकारले आणि गुण एकही मिळाला नाही. 9 ऑक्टोबर रोजी कोलंबियाविरुद्ध जॅकसन सिंगने कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर डोक्याने केलेला गोल हा फिफाच्या कोणत्याही विश्वचषक स्पर्धेतील भारताचा पहिला गोल होता. मैदानातील जल्लोष ओसरण्यापूर्वीच कोलंबियाने दुसरा गोल केला. एका क्षणासाठी एकाग्रता ढळली की काय होते, याचा तो धडा होता. आणि असा धडा चुरशीच्या सामन्यांखेरीज कोठे मिळत नाही.

या मुलांना दोष देणे अन्यायाचे होईल. संघाची जमवाजमव 2015 पासून झाली. शिबिरे भरली, परदेश दौरेही झाले. परंतु समोरच्या संघांतील बहुतेक मुले सात-आठ वर्षांची असल्यापासून नियमित स्पर्धांत खेळत आलेली होती. दोन वर्षांच्या शिबिराने त्या अनुभवाची बरोबरी होणे शक्य नव्हते.

मणिपूरचे आठ खेळाडू

या संघाच्या यादीतील एक गोष्ट विशेष विचार करण्यासारखी आहे. एकवीस खेळाडूंपैकी आठ जण एकट्या मणिपूरचे होते. मणिपूरमध्ये या स्पर्धेचा एकही सामना झाला नाही. लोकसंख्येने लहान असलेल्या या राज्यात फुटबॉल गावोगाव खेळला जातो, आणि म्हणूनच तेथून खेळाडू पुढे येतात. महाराष्ट्राचा अनिकेत जाधव याच संघात होता. तो कोल्हापूरचा, जेथे पेठापेठांतील तालीम मंडळांचे संघ वर्षानुवर्षे एकमेकांशी झुंजत आले आहेत आणि शाहू स्टेडियमवरील त्यांच्या सामन्यांना आजही गर्दी लोटते. पुढे पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याला शास्त्रशुद्ध शिक्षण मिळाले. खेळाडू कोठे निर्माण होतात याचे उत्तर या दोन उदाहरणांत आहे. जेथे नित्य खेळ चालतो आणि त्यातील गुणी मुलांना हेरून शिक्षण दिले जाते, तेथेच ते निर्माण होतात. विश्वचषकाचे मैदान किती जवळ आहे, याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

स्पर्धा संपल्यानंतर

म्हणजे यजमानपदाचा संघाला काहीच उपयोग झाला नाही, असे म्हणता येणार नाही. 2017 च्या संघातील मुले विखुरली जाऊ नयेत म्हणून ‘इंडियन ॲरोज’ या नावाने त्यांचा संघ आय-लीगमध्ये उतरविण्यात आला. सतरा-अठरा वर्षांची मुले तेथे अनुभवी व्यावसायिक खेळाडूंशी दर आठवड्याला खेळू लागली. जॅकसन सिंग, सुरेश सिंग आणि अन्वर अली हे पुढे वरिष्ठ राष्ट्रीय संघात दाखल झाले. त्या पाठोपाठच्या सोळा वर्षांखालील संघाने 2018 च्या आशियाई स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरी गाठली. तेथे दक्षिण कोरियाकडून 0-1 अशी हार झाली नसती, तर भारत विश्वचषकासाठी प्रथमच स्वबळावर पात्र ठरला असता.

पण हा ओघ टिकला नाही. इंडियन ॲरोजचा उपक्रम 2022 साली बंद झाला. 14 ऑक्टोबर 2025 रोजी सिंगापूरने भारताच्या वरिष्ठ संघाला 2-1 असे हरविले आणि 2027 च्या आशियाई चषकाची भारताची वाट बंद झाली. हा सामना झाला तो मडगावच्या फातोर्डा मैदानावर, म्हणजे 2017 च्या विश्वचषकासाठी सज्ज केलेल्या सहा मैदानांपैकी एकावर. मैदान उत्तम होते, प्रेक्षक आपले होते. उणीव संघाच्या घडणीत होती.

महाराष्ट्रातील महिलांच्या स्पर्धा

2022 साली महिलांच्या दोन मोठ्या स्पर्धा भारतात झाल्या आणि दोहोंत महाराष्ट्राचा वाटा मोठा होता. वर्षारंभी आशियाई चषक स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे झाली. भारताने इराणशी 0-0 अशी बरोबरी साधली. त्यानंतर संघात कोविडचा फैलाव होऊन किमान तेरा खेळाडूही उभे करता आले नाहीत, आणि नियमानुसार यजमान संघच स्पर्धेबाहेर गेला. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे झाला. त्यात यजमान भारताला अमेरिकेने 8-0, मोरोक्कोने 3-0 आणि ब्राझीलने 5-0 असे हरविले. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींवर अशी वेळ येणे हे काही त्यांचे अपयश नव्हे. पुरेशा सामन्यांची शिदोरी न देता त्यांना जगापुढे उभे करणाऱ्या व्यवस्थेचे ते होते.

याच्या उलट चित्र जुलै 2025 मध्ये दिसले. भारतीय महिला संघाने थायलंडमध्ये जाऊन थायलंडलाच 2-1 असे हरविले आणि पात्रता फेरीतून प्रथमच आशियाई चषकात प्रवेश मिळविला. या वेळी घरचे मैदान प्रतिस्पर्ध्यांचे होते. दरम्यानच्या काळात, 2016-17 पासून, महिलांची राष्ट्रीय लीग स्पर्धा सुरू झाली होती आणि खेळाडूंना वर्षानुवर्षे सामने मिळू लागले होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

दोन देश, दोन परिणाम

इतर देशांचा अनुभवही याला पुष्टी देतो. दक्षिण कोरियाने 2002 चा विश्वचषक जपानसह भरविला. त्यापूर्वीच्या पाच विश्वचषकांत कोरियाला एकही सामना जिंकता आला नव्हता. डच प्रशिक्षक गुस हिडिंक यांनी 2001 च्या आरंभी सूत्रे हाती घेतली. तयारीच्या काळात फ्रान्स आणि चेक प्रजासत्ताक यांच्याकडून कोरिया प्रत्येकी 0-5 असा हरला. तरीही बलाढ्य संघांशी खेळण्याचे धोरण सोडले गेले नाही. दीर्घ शिबिरांसाठी क्लबांनी आपले खेळाडू मोकळे केले. अखेर कोरिया उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. काही सामन्यांतील पंचांच्या निर्णयांवर टीका झाली हे खरे. पण त्यानंतरच्या प्रत्येक विश्वचषकासाठी कोरिया पात्र ठरला आहे. या यशाच्या मागे 1983 पासून चालू असलेली व्यावसायिक लीग होती, हे विसरता येत नाही.

दक्षिण आफ्रिकेने 2010 चा विश्वचषक तितक्याच दिमाखात भरविला. संघाने फ्रान्सला 2-1 असे हरविलेही. तथापि पहिल्याच फेरीत बाद होणारा तो इतिहासातील पहिला यजमान ठरला, आणि पुढील तीन विश्वचषकांसाठी त्याला पात्र होता आले नाही. 2026 साठी त्याने पुन्हा पात्रता मिळविली, ती तब्बल सोळा वर्षांनी.

भारतीय हॉकीचा दाखला तर आपल्या अधिक जवळचा आहे. 1982 च्या आरंभी मुंबईत संपलेल्या विश्वचषकात भारत पाचवा आला, आणि 2010 साली दिल्लीत आठवा. 2018 आणि 2023 साली ओडिशातही पदक हाती लागले नाही. पण ओडिशा शासनाने 2018 पासून राष्ट्रीय संघांना सातत्याने आधार दिला, आणि भुवनेश्वरची मैदाने स्पर्धेनंतरही सरावासाठी वापरात राहिली. एक्केचाळीस वर्षांनंतरचे ऑलिंपिक पदक भारताने ऑगस्ट 2021 मध्ये टोकियोत मिळविले, ते प्रेक्षकच नसलेल्या मैदानात. 2024 साली पॅरिसमध्ये त्याची पुनरावृत्ती झाली.

गावाच्या मैदानापर्यंत

या सर्व उदाहरणांचा मथितार्थ एकच आहे. यजमानपदाने संघाला प्रवेश मिळतो, पैसा मिळतो आणि लोकांचे लक्ष मिळते. कौशल्य मिळत नाही. मिळालेला पैसा आणि लोकांचे लक्ष स्पर्धेपूर्वी पाच-दहा वर्षे आणि स्पर्धेनंतर तितकीच वर्षे नित्याच्या खेळाकडे वळविले, तर दुबळा संघही सुधारतो. ते तीन आठवड्यांच्या सोहळ्यात संपले, तर मागे केवळ छायाचित्रे उरतात.

15 सप्टेंबर 2017 रोजी ‘महाराष्ट्र मिशन वन-मिलियन’ या उपक्रमाद्वारे राज्यातील दहा लाख मुलामुलींनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. अशा दिवसामुळे मुलांना खेळाची गोडी लागते. ती टिकते मात्र पुढच्या शनिवारी शाळेत पुन्हा सामना झाला तरच. या ठिकाणी शिक्षक आणि पंचायत सदस्य यांचे काम सुरू होते. गावाचे क्रीडांगण अतिक्रमणापासून मोकळे आणि समतल ठेवणे, मुलींसाठी वेळ राखून ठेवणे, आसपासच्या पाच-सहा शाळांचे सामने वर्षभर ठरलेल्या दिवशी खेळवणे आणि 1960 पासून चालत आलेल्या सुब्रतो मुखर्जी चषकासारख्या शालेय स्पर्धांत आपला संघ न चुकता पाठविणे, या गोष्टींना फार मोठा खर्च येत नाही. तालुका क्रीडा संकुले बांधण्याइतकेच ती रोज संध्याकाळी उघडी ठेवणेही महत्त्वाचे आहे.

2030 साली अहमदाबादेत देशाचे प्रतिनिधित्व करणारे अनेक खेळाडू आज कोठल्या तरी शाळेच्या पटावर आहेत. त्यांना टाळ्या वाजविणारे प्रेक्षक त्या वेळी भरपूर मिळतील. आज त्यांना हवे आहे ते एक सपाट मैदान, एक जाणता शिक्षक आणि दर आठवड्याला खेळायला मिळणारा एक सामना.