माती कुठे द्यायची?

गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीच्या माडिया गावात माणूस गेला की हातातलं काम टाकून गाव जमतं. खड्डा गाव खणतं, मयत गाव उचलतं, पुढे मृताच्या नावाने दगड उभा करायलाही गावच लागतं. अशा गावात एखादं घर ख्रिस्ताच्या प्रार्थनेला जाऊ लागलं, ‘विश्वासी’ झालं, तर त्याची खरी कसोटी घरात मयत झाल्यावर लागते. माती कुठे द्यायची?

गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या नारायणपूर जिल्ह्यात डिसेंबर २०२२ मध्ये विश्वासी कुटुंबांना मारहाण करून गावांतून हाकललं गेलं. शेकडो माणसं ऐन थंडीत नारायणपूरच्या स्टेडियममध्ये राहिली. २ जानेवारी २०२३ला जमावाने तिथलं चर्च फोडलं; अडवायला गेलेल्या पोलीस अधीक्षकांचंही डोकं फुटलं. बस्तरच्या छिंदवाडा गावात ७ जानेवारी २०२५ रोजी एक पाद्री वारले. गावाने दफनाला विरोध केला. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तोवर वीस दिवस प्रेत शवागारात पडून राहिलं. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. न्या. नागरत्ना यांनी कुटुंबाच्या स्वतःच्या शेतात दफनाला मुभा दिली, न्या. शर्मा यांनी ती नाकारली. अखेर न्यायालयाच्याच आदेशाने वीसेक किलोमीटरवरच्या करकापालच्या ख्रिस्ती दफनभूमीत माती द्यावी लागली. वाडवडील जिथे निजले, तिथे नाही.

गावाचा राग कुठून येतो, हेही समजून घ्यायला हवं. पेनपूजेची म्हणजे देवपूजेची वर्गणी, बीजपंडुम हा बियाण्याचा सण, शिकार, सगळं सामाईक. एक घर बाहेर पडलं की देव कोपेल, ही भीती गावाला खरीच वाटते. तिच्यावर बाहेरचं राजकारण पोसलं जातं. ‘धर्म बदलला तर आदिवासींच्या सवलती काढा’ ही मागणी त्यातलीच. आज कायदा तसं म्हणत नाही. १९५०च्या आदेशातली धर्माची अट अनुसूचित जातींना आहे, जमातींना नाही. धर्मांतराचा हा संशय आपल्याकडेही जुनाच. १९५४ साली मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांची चौकशी करायला नियोगी समिती नेमली, तेव्हा चांदा जिल्हा (आजचे चंद्रपूर-गडचिरोली) त्याच राज्यात होता.

आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याने ग्रामसभेला रूढी जपण्याचा हक्क दिला आणि तो मोलाचा आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने ग्रामसभेच्या बळावर जंगल राखलं आणि वनहक्क कायद्याखाली बांबूवर हक्क मिळवला. पण बांबूवर गावाची मालकी असते, शेजाऱ्याच्या मनावर नसते. संविधानाचा अनुच्छेद २५ श्रद्धेचं स्वातंत्र्य एकेका माणसाला देतो, मग तो गावात एकटा का असेना. नळ-विहीर बंद करून, बोलणं तोडून श्रद्धा सोडायला लावणं हा छळच आहे, त्याला रूढी म्हणू नये.

महाराष्ट्राकडे या छळाविरुद्ध हत्यार आहे. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. पीडिताला पोलिसांत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. दूरच्या पाड्यातल्या बाईला हे कोण सांगणार? पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक यांनीच सांगायला हवं.

छिंदवाड्याच्या निकालात न्या. नागरत्ना यांनी छत्तीसगडला दोन महिन्यांत ख्रिस्ती दफनभूमी आखून द्यायला सांगितलं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्रशासनाने आणि ग्रामसभांनी न्यायालयाची वाट न बघता, पुढची मयत होण्याआधीच, गावाच्या शिवारात ती जागा ठरवावी.