महागडा कंट्रोलर: घ्यावा की नको, बॉस?

वीकेण्डला कळंबला घरी गेलात, चुलतभावाबरोबर फुटबॉलचा गेम लावलात आणि तुमचा प्लेअर आपोआप डावीकडे पळत सुटला! या दुखण्याचं नाव ‘स्टिक ड्रिफ्ट’. बहुतेक कंट्रोलरच्या स्टिकखाली पोटेन्शिओमीटर असतो. खेळून खेळून त्यातली पट्टी झिजते आणि सिग्नल चुकतो.

मग महागातला घेतला की सुटलो? नाही हो! सोनीचा ‘ड्युअलसेन्स एज’ 2023 साली आपल्याकडे 18,990 रुपयांना आला, पण घासणारी स्टिक त्यातही आहेच. फरक इतकाच, की स्टिकचा भाग वेगळा आणून बदलता येतो. शेजारच्या वालचंदनगरच्या कारखान्यात गिअर बनतात, त्यामुळे कळंबकरांना हे सांगायला नको: झिजलेला पार्ट बदलावा, अख्खं मशीन नाही.

खरा फंडा ‘हॉल इफेक्ट’ स्टिकचा. त्यात चुंबक असतं, घासाघीस नाही. सेगाच्या ‘ड्रीमकास्ट’मध्ये ते 1998 सालीच होतं, आज पाच हजारांच्या आतही मिळतं. फक्त तुमच्या कन्सोलला चालतंय ना, ते बघा.

मागची जादा बटणं रोज स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी. आपण पडलो वीकेण्डवाले! तेव्हा दुकानात आधी स्टिक कुठली ते विचारा, किंमत नंतर. उरलेल्या पैशांत मस्तपैकी नवा गेम घ्या!