चावीवाल्याला खरंच किती सुटतं?

लासुर्ण्यात चावीचं दुकान चालेल का? हिशोब करू. समजा, दिवसाला 10 डुप्लिकेट चाव्या झाल्या, चावीमागे 40 रुपये सुटले, तर 400. त्यातून भाडं, लाईट बिल. नुसत्या कानशीवर घर चालणं अवघडच.

पैसा आहे तो अडलेल्या कामात. चिपवाल्या गाडीची चावी नुसती कापून भागत नाही, कोड गाडीशी जुळवावा लागतो. म्हणून मजुरी जास्त, पण मशीनही महाग. रात्री वालचंदनगर किंवा भवानीनगरहून फोन आला, तर पेट्रोल धरून दर आधीच सांगा. कुलूप उघडल्यावर सांगितला की वाद ठरलेला! आणि आरसी बुक, आधार बघितल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही.

मशीनसाठी लगेच कर्ज काढू नका. चिपची चावी मागून किती गिऱ्हाइकं परत गेली, ते आधी सहा महिने वहीत लिहा.