यंत्राला किती एकर संत्रा लागतो?

गेल्या पोळ्याला पांढुर्ण्याला घरी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी गोटमार आटोपली, जाम नदीचा काठ रिकामा झाला आणि रात्री जेवताना चुलत भावाने विषय काढला. त्याला संत्रा धुऊन, मेणाचा थर देऊन, आकारानुसार वेगळा करणारं यंत्र बसवायचं होतं. कर्जासाठी काकांची तीन एकर जमीन गहाण ठेवायची तयारी झाली होती.

“दादा, इतका संत्रा हाय आपल्याकडं. गिऱ्हाईक कमी पडन का?”

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. धंद्याचा अनुभव शून्य. पण आमच्या कामात एक सवय लागते: आकडा समोर आला की तो कुठून आला, हे आधी विचारायचं. भावाकडे यंत्र विकणाऱ्याने दिलेली चकचकीत फाईल होती. त्यात संत्र्याची बाजारपेठ कोट्यवधींची होती, पण साऱ्या देशाची! त्यातला किती माल आपल्या दारात येणार, हे कुठेच नव्हतं.

मग आम्ही सरकारी आकड्यांकडे वळलो. पहिली अडचण हद्दीची. पांढुर्णा जिल्हा झाला ऑक्टोबर 2023 मध्ये. त्याआधीचा ‘जिल्ह्याचा’ आकडा म्हणजे अमरवाडा, परासिया, जुन्नारदेव धरून अख्खा छिंदवाडा. 2011 च्या जनगणनेतही आपण छिंदवाड्यातच आहोत. म्हणून पांढुर्णा आणि सौसर या तहसिलींचे आकडे वेगळे काढून जोडावे लागतात.

दुसरी गोष्ट लागवडीची. एकूण लागवड वेगळी आणि फळावर आलेली बाग वेगळी. कलम लावल्यावर विकण्याजोगं फळ यायला पाचेक वर्षं जातात. तिसरी आवकेची. ॲगमार्कनेटवर बाजार समित्यांमधली रोजची आवक आणि भाव पाहायला मिळतात. ते फार उपयोगी आहेत, पण बागेतून थेट परराज्यात गेलेला ट्रक त्यात दिसत नाही. आकडे खोटे नसतात. प्रत्येक आकडा कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे, तेवढं पाहावं लागतं.

शेवटी हिशेब उलटा मांडला. यंत्र तासाला दोन टन माल काढणार. दिवसाचे आठ तास म्हणजे 16 टन. आंबिया आणि मृग, दोन्ही बहार मिळून 100 दिवस धरले तर 1600 टन. आता बाग पाहा. सहा बाय सहा मीटरवर लागवड असली की एकरात साधारण 110 झाडं बसतात. काकांच्या अंदाजाने बऱ्या सालात झाडामागे 50 किलो चांगला माल निघतो, म्हणजे एकरी साडेपाच टन. यंत्राचं पोट भरायला सुमारे 290 एकरांचा माल हवा. फळगळ झाली तर आणखी जास्त!

“290 एकर तं सहज भेटते,” भाऊ म्हणाला.

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेले काका बोलले, “भेटते, पण फळ कोणाच्या हातात हाय? बाग तं आपण झाडावरच विकून देतो.”

सगळ्या हिशेबात हीच गोष्ट राहिली होती. उभ्या बागेचा सौदा झाला की तोडणी, भराई आणि गाडी व्यापाऱ्याची. म्हणजे यंत्राचा गिऱ्हाईक शेतकरी नव्हताच. शेकडो बागायतदार मोजत होतो, मोजायचे होते मूठभर व्यापारी.

पुढचे तीन दिवस भावाच्या मोटरसायकलवर पांढुर्णा, सौसर आणि पलीकडचं वरूड पालथं घातलं. प्रत्येकाला एकच विचारलं: “मागच्या हंगामात माल कुठे पाठवला आणि किलोमागे किती मजुरी दिली?” ‘यंत्र आलं तर माल द्याल का?’ असं मुद्दाम विचारलं नाही. त्याला सगळेच हो म्हणतात. काहींचा माल त्यांच्या ठरलेल्या ठिकाणीच जातो. काहींनी सांगितलं की बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेल्यापासून तिकडचा भरवसा राहिला नाही. नक्की माल देऊ शकतील असे जे उरले, त्यांच्या मालाने यंत्र निम्मंही चाललं नसतं.

भाऊ दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. मलाही वाईट वाटलं. पण जमीन गहाण पडली नाही. आंबिया बहारात त्याने आमची आणि शेजारची बाग विकली नाही. चार बायका लावून हाताने निवड केली, पेट्या भरल्या आणि नागपूर-भोपाळच्या ओळखीच्या दुकानदारांना दिल्या. नफा थोडाच झाला, पण त्याच्या वहीत आता गिऱ्हाइकांची नावं आहेत.

परवा त्याचा फोन आला. लहान यंत्राचा भाव काढतोय म्हणाला. मी काही विचारायच्या आत त्यानेच सांगितलं, “दादा, याले सत्तर एकर लागते. चाळीसचं पक्कं झालं. बाकीचं पाहू, मंग कर्ज.”