भिंतीवरचे लाल नळकांडे

या लेखाचा विषय ऐकून माझ्या मैत्रिणी हसल्या. नियतकालिकात कविता द्यावी, फार तर सहलीचे वर्णन द्यावे. अग्निशामक नळकांड्यावर कोणी लिहिते काय? पण गेल्या मे महिन्यात जे डोळ्यांनी पाहिले त्यानंतर दुसरे काही लिहायला सुचेना, म्हणून संपादकांची क्षमा मागून हे लिहीत आहे.

सुटीत मी उद्यमबागेतल्या एका लहानशा मशीन शॉपमध्ये बिले लिहायला जात होते. माझे काका तिथे वीस वर्षे लेथवर आहेत. तयार झालेले भाग धुण्यासाठी रॉकेलने भरलेला एक पसरट ट्रे बाकाशेजारी उघडाच असे. एका दुपारी पलीकडे हँड ग्राइंडर चालू होता, त्याची ठिणगी ट्रेमध्ये पडली आणि ट्रे पेटला. "पाणी आणा की!" असे कोणीतरी ओरडले, आणि कामावरच्या पोराने बादलीभर पाणी ट्रेवर ओतले. पेटते रॉकेल ट्रेच्या काठावरून उतरून फरशीवर पसरले आणि बाकाखालच्या कॉटन वेस्टपर्यंत पोहोचले.

काकांनी धावत जाऊन भिंतीवरचे लाल नळकांडे काढले. मूठ दाबली, पण ती दबेना. खटपटीत पाच-दहा सेकंद गेली. मग पिन दिसली, ती उपसली, आणि हातभर अंतरावर उभे राहून त्यांनी फवारा सरळ ट्रेमध्ये मारला. त्या जोराने पेटते रॉकेल उडून त्यांच्याच पायांवर आले. पायात चपला होत्या. शेवटी शेजारच्या शेडमधल्या एका गृहस्थांनी आपले नळकांडे आणून लांबून, कडेकडेने आग विझवली. काका दीड महिना घरी होते. घोट्याजवळची कातडी अजून ओढते. दवाखान्यात ते मला म्हणाले, "वीस वर्षं त्याच्यावर टोपी अडकवतोय मी. पिन काढायची असते म्हणून आम्हाला कोण सांगितलंय?"

आता प्रत्येक ठिकाणी काय चुकले ते पाहू. आगीला जळण, उष्णता आणि प्राणवायू या तीन गोष्टी लागतात आणि ज्वालेतली रासायनिक साखळी चालू राहावी लागते, हे आपण शिकलो आहोत. पाणी उष्णता काढून घेते, म्हणून लाकूड, कागद, कापड यांवर त्याच्यासारखा उपाय नाही. पण रॉकेल पाण्याहून हलके असते. पाणी खाली बसते, रॉकेल वर तरंगत जळत राहते आणि पाण्याबरोबर वाहत जाते. कढईतले तेल पेटले तर प्रकार याहून भयंकर. ते तेल पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या कितीतरी वर तापलेले असते; त्यात पडलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे १७०० पट असते, आणि ती जळते तेल छतापर्यंत उडवते. तिथे गॅस बंद करून वर घट्ट झाकण ठेवावे, आणि तेल निवेपर्यंत ते उचलू नये.

म्हणूनच आगीचे वर्ग पाडले आहेत. आपल्याकडच्या भारतीय मानकाप्रमाणे 'ए' म्हणजे लाकूड-कागदासारखे घन पदार्थ, 'बी' म्हणजे रॉकेल, पेट्रोल, थिनरसारखे द्रव, 'सी' म्हणजे ज्वलनशील वायू आणि 'डी' म्हणजे धातू. इथे एक घोटाळा होतो. आपल्या ग्रंथालयात अमेरिकन पुस्तके आहेत. त्यांत 'सी' म्हणजे विजेच्या उपकरणांची आग. आपल्याकडे विजेला स्वतंत्र अक्षर नाही, कारण मेन स्विच बंद केला की उरते ती वायरीच्या आवरणाची नाही तर लाकडाची साधी आग. तेव्हा 'एबीसी' वाचून विजेवर चालेलच असे समजू नये. ते नळकांड्यावर निराळे लिहिलेले असते, ते वाचावे. स्विच बंद करता येत नसेल तर पाणी किंवा फेस यांचे नाव काढू नये.

नळकांड्यांत सर्वांत जास्त दिसते ते कोरड्या भुकटीचे. 'एबीसी' भुकटीत मुख्यतः मोनो-अमोनियम फॉस्फेट असते, जुन्या 'बीसी' भुकटीत खाण्याचा सोडा. ही भुकटी ज्वालेतली साखळी तोडते, म्हणून आग झटकन दबते. परंतु तेल किंवा लोखंड गार करत नाही, त्यामुळे ती पुन्हा भडकू शकते. शिवाय बंद खोलीत भुकटीचा असा धुरळा उठतो की दार दिसत नाही, आणि संगणकांत ती शिरली की ते बहुधा निकामीच. तिथे कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे चांगले. मागे काही उरत नाही. मात्र त्याचे तोंड, म्हणजे तो काळा कर्णा, उघड्या हाताने धरू नये. बाहेर पडणारा वायू उणे ७८ अंशांपर्यंत गार होतो आणि कातडी चिकटते. लहान खोलीत तो माणसाचाही प्राणवायू हटवतो, हे विसरू नये.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी धातूंची गोष्ट. मॅग्नेशियमची फीत कार्बन डायऑक्साइडच्या बरणीतही जळत राहते आणि काळा कार्बन मागे ठेवते. म्हणजे हा वायू त्या आगीला विझवत नाही, खाद्य पुरवतो. सोडियमवर पाणी घातले तर हायड्रोजन निघतो आणि तोच पेटतो. अशा आगीवर धातूंसाठीच बनवलेली खास भुकटी किंवा अगदी कोरडी वाळू. वाळूची बादली जुनाट दिसते, पण कोरडी ठेवली तर तिला तोड नाही. आमच्या प्रयोगशाळेतल्या बादलीत मी पाहिले तेव्हा पानाच्या पिचकाऱ्या होत्या.

गॅसची ज्वाला, झडप बंद करता येत नसेल तर, विझवूच नये. विझल्यावर गॅस खोलीभर पसरतो आणि मग एक ठिणगी पुरते.

वापरण्याची रीत चार ओळींची आहे, पण ती आधी हातांना माहीत हवी. पहिले ओरडून सगळ्यांना बाहेर काढा आणि एकाला १०१ किंवा ११२ ला फोन करायला लावा. बाहेरचे दार आपल्या पाठीशी राहील असे, दोन-तीन मीटर लांब उभे राहा. उघड्यावर असाल तर वारा पाठीवर घ्या. पिन उपसा, नळीचे तोंड ज्वालेच्या शेंड्याकडे नव्हे तर बुडाकडे धरा, मूठ दाबा आणि झाडू मारल्यासारखे डावी-उजवीकडे फिरवत पुढे सरका. द्रव पेटला असेल तर जवळच्या कडेपासून सुरुवात करा, मध्ये मारू नका. काकांचे पाय तिथेच भाजले. लहान नळकांडे दहा-वीस सेकंदांत रिकामे होते. तेवढ्यात आग आटोक्यात आली नाही, किंवा धूर छातीच्या उंचीवर उतरला, तर नळकांडे टाकून बाहेर पडा. विझली असे वाटले तरी पाठ फिरवू नका.

जपणुकीबद्दल एकच गोष्ट विस्ताराने सांगते, कारण ती मला नवी होती. भुकटीच्या बहुतेक नळकांड्यांवर दाबाचा काटा असतो आणि तो हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहिले की झाले. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यावर काटाच नसतो. का? आत वायू दाबाने द्रवरूप झालेला असतो, आणि जोवर थोडाही द्रव शिल्लक आहे तोवर आतला दाब जवळजवळ तोच, हवेच्या साठ-सत्तर पट, राहतो. अर्धे रिकामे झाले तरी काटा काही सांगणार नाही. म्हणून ते वजन करून तपासावे लागते. भरलेले वजन मानेवर कोरलेले असते. आमच्या सरांच्या परवानगीने आम्ही संगणक कक्षातले नळकांडे कँटीनच्या काट्यावर ठेवले. ते जवळजवळ रिकामे निघाले. कोणी, कधी वापरले, कोणास ठाऊक! दुसऱ्याच दिवशी ते भरायला गेले.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या ३८ व्या कलमात आगीपासून बचावाची साधने ठेवणे आणि कामगारांना ती व बाहेर पडण्याचे मार्ग माहीत करून देणे, हे दोन्ही येत होते. पहिले भिंतीवर दिसते. दुसऱ्यासाठी, काकांच्या नळकांड्यावर, इंग्रजीत आठ ओळी होत्या.

म्हणून कन्नड विभागात लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणीला घेऊन मी एक पाटी तयार केली. वर चित्रे, खाली डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड. ती घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी दोन्ही भाषांतले वाचले, 'झाडू मारल्यासारखे' हे शब्द मोठे करायला सांगितले आणि म्हणाले, "लेथच्या मागं लावू नका. नळकांडं आणि पाटी दोन्ही दाराशी लावा. पळणारा माणूस तिकडंच येतोय की."