मोठा साचा, थोडा खर्च



दारापुढे छापा ठेवून रांगोळी काढताना आपण सर्वांनी पाहिले आहे. जेथे भोक, तेथे रांगोळी जमिनीवर उतरते. जेथे पत्रा, तेथे ती अडते. पोत्यांवर अक्षरे उमटवणारा पत्र्याचा साचाही ह्याच न्यायाने चालतो. मात्र त्यात एक अडचण आहे. ‘व’ हे अक्षर पत्र्यात कापले की त्याच्या पोटातला गोल तुकडा गळून पडतो. तो धरून ठेवावा तर मध्ये दांडी सोडावी लागते, आणि अक्षर तुटके दिसते. ताणलेल्या बारीक जाळीने ही अडचण दूर केली. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ साली रेशमी जाळीच्या छपाईचे पेटंट घेतले. आज आपण जिला स्क्रीन प्रिंटिंग म्हणतो, ती हीच कला होय.

जाळीवरचा साचा हाताने कापावा लागत नाही. ते काम प्रकाश करतो. जाळीवर इमल्शनचा पातळ थर देऊन तो अंधारात वाळवितात. त्याला जेथे प्रकाश लागेल तेथे तो कडक होतो. जेथे काळी सावली राहील तेथे तो पाण्याने धुऊन जातो, आणि त्या मोकळ्या जाळीतून पुढे शाई उतरते. ही सावली पाडण्यासाठी जे चित्र लागते, त्याला कारागीर ‘पॉझिटिव्ह’ म्हणतात. खर्चाचे दुखणे येथेच आहे.

सावेडीतील एखाद्या मंडळाला उत्सवासाठी पन्नास कापडी झेंडे हवे आहेत, आणि छपाई करणारा घरच्या एका खोलीत काम करतो, असे समजा. मोठ्या फिल्मचा खर्च पन्नास नगांवर वाटला तर भाव परवडत नाही, आणि काम फ्लेक्सकडे जाते. साधनांची चणचण आपल्या छपाईच्या पाचवीलाच पुजलेली आहे. गणपत कृष्णाजींनी लाकडी यंत्र स्वतः घडविले, शाईही स्वतः बनविली, आणि १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापले. तेव्हा महाग वस्तू कशासाठी लागते, हे आधी विचारावे.

पॉझिटिव्हकडून तीनच गोष्टी हव्या असतात. काळा भाग प्रकाश अडविणारा असावा, उरलेला भाग प्रकाश सोडणारा असावा, आणि चित्र इमल्शनला घट्ट चिकटून राहावे. आरपार दिसलेच पाहिजे असे नाही. पूर्वी घरांचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर काढून त्यांच्या प्रती प्रकाशानेच उठवीत. म्हणूनच, जेथे इमारतींचे नकाशे छापून मिळतात, तेथे मोठ्या ट्रेसिंग पेपरवर काळे चित्र छापून घेणे हा पहिला स्वस्त मार्ग.

दुसरा मार्ग साध्या कागदाचा. लेझर यंत्रावर चित्र छापून कागदाला मागून गोडे तेल चोळावे आणि जास्तीचे तेल पुसून टाकावे. कागदाच्या तंतूंमधील हवेमुळे प्रकाश विखुरतो. तेल त्या पोकळ्या भरते, म्हणून कागद उजळतो. तरीही तो फिल्मपेक्षा कमी प्रकाश सोडतो, म्हणून उन्हात जास्त वेळ ठेवावा लागतो.

तिसरा मार्ग तुकडे जोडण्याचा. १५ बाय २१ इंचांचे चित्र चार ए-४ तुकड्यांत बसते, आणि जोडापुरती जागाही उरते. तुकडे एकमेकांवर किंचित चढवून चित्र जुळवावे, पट्टी ठेवून दोन्ही थर एकाच फटकाऱ्यात कापावेत, आणि कडेला कड भिडवून पारदर्शक चिकटपट्टी लावावी. ही पट्टी छापील बाजूस लावू नये. जोड शक्यतो दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेतून न्यावा. अक्षराच्या मधून गेला तर कापडावर रेघ उमटण्याची भीती असते. लेझर यंत्रात घालावयाची फिल्म त्याच यंत्रासाठी बनविलेली असावी. साधे प्लॅस्टिक आत वितळते.

काळेपणाची परीक्षा सोपी आहे. चित्र दिव्यासमोर धरावे. काळ्या भागातून दिवा लुकलुकला, तर तेच चित्र दुसऱ्यांदा छापून पहिल्यावर तंतोतंत जुळवावे. अक्षरे उलटी छापण्याची गरज नाही. काचेवर छापील बाजू वर ठेवावी, तिच्यावर जाळीची बाहेरची बाजू टेकवावी, आत काळे कापड व वजन ठेवावे, आणि प्रकाश काचेखालून द्यावा. ऊन वापरावयाचे तर हे सारे घट्ट बांधून काच सूर्याकडे करावी. ऊन रोज सारखे नसते. म्हणून आधी लहान जाळीवर पुठ्ठा थोडा थोडा सरकवीत चार निरनिराळ्या वेळा द्याव्यात, आणि धुऊन पाहून त्यांतली योग्य वेळ निवडावी.

एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. प्रकाशाने बदलणाऱ्या बायक्रोमेटचा गुण मंगो पाँटन यांनी १८३९ साली दाखविला, आणि त्याचा उपयोग ह्या धंद्यात फार झाला. पण ते विष आहे. त्वचेवर व्रण पाडते, आणि त्यातील क्रोमियम कर्करोगास कारण होते. घरात मुले वावरत असताना ही काटकसर नको. त्याऐवजी डायझो किंवा तयार फोटोपॉलिमर इमल्शन घ्यावे.

छायाचित्राचे बारीक ठिपके किंवा चार रंगांची जुळणी ह्या मार्गांनी नीट साधत नाही. कागद हवेतील दमटपणाने फुगतो आणि ठिपके सरकतात. अशा कामाला फिल्मच घ्यावी, आणि तिचा खर्च गिऱ्हाइकाला आधी सांगावा. पण ठळक अक्षरे, एखादी मूर्ती, शाळेचे चिन्ह ह्यांसाठी दाट काळा रंग, घट्ट चिकटलेले चित्र आणि नीट लपविलेला जोड पुरेसा आहे. पन्नास झेंड्यांचे काम गावातच राहावे, यासाठी एवढे कौशल्य पुष्कळ झाले.