माहितीची राखण आणि नागरिकांची दक्षता

२६ नोव्हेंबर २००८ रोजी समुद्रमार्गे आलेल्या दहा दहशतवाद्यांनी मुंबईवर हल्ला चढविला. त्यात १६६ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. या हल्ल्याची पूर्वतयारी दोन वर्षे आधीच सुरू झाली होती, ही गोष्ट पुढे न्यायालयात उघड झाली.

दाऊद गिलानी या अमेरिकी नागरिकाने २००६ मध्ये डेव्हिड हेडली असे नाव धारण केले आणि परदेशगमनविषयक सल्ला देणारे कार्यालय मुंबईत उघडून त्याआड तो वावरू लागला. सप्टेंबर २००६ ते जुलै २००८ या काळात त्याने पाच वेळा भारतात येऊन हल्ल्याच्या संभाव्य ठिकाणांचे चित्रण केले, तसेच नौकेतून फिरून किनाऱ्यावरील जागांची नोंद घेतली. २०१३ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने त्यास ३५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा ठोठावली.

यावरून हेरगिरीची पद्धत ध्यानात येते. पहारेकऱ्यांची पाळी केव्हा बदलते, मागील दार कोठे उघडते, वरिष्ठ अधिकारी दौऱ्यावर केव्हा जातात, यांपैकी प्रत्येक गोष्ट सुटी पाहिल्यास क्षुल्लक वाटते. त्या एकत्र जुळविल्या म्हणजे मात्र कटाचा आराखडा तयार होतो. म्हणून कार्यालयातील नकाशे, कर्मचाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक व दौऱ्यांचे कार्यक्रम अनोळखी व्यक्तीस सांगू नयेत. दूरध्वनीवरून कोणी अधिकारी असल्याचे सांगून माहिती मागितल्यास, त्या कार्यालयाच्या अधिकृत क्रमांकावर आपण स्वतः विचारणा करून खात्री करावी. घर भाड्याने देताना भाडेकरूची ओळखपत्रे पाहून पोलीस ठाण्यास कळवावे. बेवारस वस्तूस हात न लावता तेथून दूर जावे, इतरांनाही दूर करावे आणि ११२ या क्रमांकावर कळवावे. किनारपट्टीवरील संशयास्पद हालचालींसाठी १०९३ हा क्रमांक आहे.

दक्षता म्हणजे संशयखोरी नव्हे. कोणाचा धर्म, भाषा वा पेहराव हा संशयाचा आधार होऊ शकत नाही. लक्ष द्यावयाचे ते कृतीकडे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध व्यक्तींची हत्या केली. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयातही मारहाण झाली. जेथे अनोळखी माणसाला आसरा मिळावयास हवा, तेथेच हे घडले, ही बाब प्रत्येक पंचायत सदस्याने स्मरणात ठेवण्याजोगी आहे.

नागरिकाचे काम पाहणे आणि कळविणे एवढेच. चौकशी करणे हे पोलिसांचे काम होय. शिक्षकांनी वर्गात आणि सरपंचांनी ग्रामसभेत हा भेद समजावून सांगितल्यास गावाची सुरक्षितता वाढेल व निरपराधांचेही रक्षण होईल.